खरखर आणि खर्ज

आमच्या गाणं ऐकणाऱ्या मित्रमंडळीत दोन तट आहेत. एक स्पीकरच्या वायरींवरून हमरीतुमरीवर येणारा. दुसरा, कॅसेटवरून कॅसेटवर उतरवत आलेली कुणाच्या तरी दिवाणखान्यातली मैफल ऐकत माना डोलावणारा. 'ते आवाज ऐकतात, आम्ही गाणं ऐकतो,' असं हा दुसरा तट जरा तोऱ्यातच म्हणतो. मी बसतो त्यांच्यातच, पण हे म्हणणं मला पटत नाही.

१९२५पर्यंत ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. गवई भोंग्यात तोंड घालून गायचा आणि त्या भोंग्याला खालचे सूर फारसे झेपत नसत. तंबोऱ्याचा खर्ज तर जवळजवळ बेपत्ताच. आता आपल्याकडे तंबोरा काही शोभेला नसतो. गंधार किती उतरला, हे त्याच्याच आधाराने कळतं. मग हरवला तो नुसता आवाज, की गाणंही? वेगाचंही तेच. तबकडी सहा टक्के जलद फिरली, की काळी एकमध्ये गाणारे बुवा थेट पांढरी दोनमध्ये पोचतात. गळा कोवळा होतो, तान भलतीच चपळ वाटते. आपण 'क्या बात है' म्हणतो आणि ती दाद जाते यंत्राच्या मोटरला!

तरीही केसरबाई केरकरांची भैरवी लागली, की हा सगळा हिशेब मी गुंडाळून ठेवतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली तीच, साडेतीन मिनिटांची. दोन आवर्तनांत खरखर ऐकू येईनाशी होते.

माझ्या भाचीला मात्र ती शेवटपर्यंत ऐकू येत होती. "मामा, मागे पाऊस पडतोय का?" तिने विचारलं. तिचं काय चुकलं? केसरबाईंच्या जयपूर घराण्याची गायकी वर्षानुवर्षं कानात मुरलेली असते, म्हणून गाळलेल्या जागा आम्ही आपल्या पदरचं घालून भरतो. वाईट ध्वनिमुद्रण हे जाणकाराला परवडतं; नवख्याला नाही. तेव्हापासून नवख्यांना मी आधी किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकवतो. अल्लादियाखाँसाहेबांची तीच जयपूर परंपरा, आणि तंबोरे स्वच्छ.

वायरवाल्यांनाही त्यामुळे फार चिडवत नाही. थोर गवई भास्करबुवा बखले १९२२ साली, भोंग्याच्याच काळात, गेले. त्यांची एकही तबकडी मागे नाही. उद्या कुठल्या माळ्यावर एखादी सापडली, तर हेच लोक पत्र्याच्या भोंग्याला कान लावायला सगळ्यात पुढे असतील.