जुनी ऑक्टाव्हिया, नवा उतार

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. आमणे आमच्याच भिवंडी तालुक्यातलं गाव. माझं काम मानकोलीच्या गोदामात आणि आईवडील नाशिकला, त्यामुळे कसाऱ्याचा घाट अंगवळणी पडलेला. पण घाटात ट्रकच्या मागे चाळीस-पन्नासने उतरणं वेगळं आणि मोकळ्या समृद्धीवर शंभराच्या पुढे असताना समोर एकाएकी लाल दिवे लागणं वेगळं. तसे दिवे लागले त्या दिवशी गाडी थांबली, पण पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढलं गेलं. मागच्या सीटवर आई होती. ती काही बोलली नाही, पण ब्रेकचा विषय माझ्या डोक्यातून त्यानंतर गेलाच नाही.

गाडी २००५ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस. ऑक्टाव्हिया आपल्याकडे २००१ मध्ये आली, औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला तिची जोडणी व्हायची. वीस वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च कशाला, असं घरचे विचारतात. माझं उत्तर एकच: गाडी ठेवायची तर ती थांबलीच पाहिजे.

ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र. माणसं आणि सामान धरून गाडी दीड हजार किलोची मानली, तर ताशी ८० वरून थांबताना सुमारे ३.७ लाख ज्यूल उष्णता तयार होते. १२० वरून थांबताना ८.३ लाख. वेग दीडपट, उष्णता सव्वादोनपट. उताराचा हिशोब आणखी बोलका आहे. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, आणि भिवंडी जवळजवळ खाडीच्या पातळीला. एवढं खाली येताना गाडी जी ऊर्जा सोडते, ती १२० वरून दहा वेळा थांबण्याइतकी भरते. त्यातली बरीचशी वारा आणि इंजिन खातात. उतारावर गिअर खाली ठेवला तर आणखी जास्त खातात. उरलेली पॅड आणि डिस्कच्या वाट्याला येते.

मित्रांचा सल्ला ठरलेला होता: मोठे चार पिस्टनचे कॅलिपर, भोकं पाडलेल्या डिस्क, लाल रंग. माझाही जीव त्या लाल कॅलिपरवर होता, कारण अलॉयच्या आरपार ते दिसतात फार देखणे. पण भिवंडीत मी ज्यांच्याकडे गाडी नेतो त्या उस्तादांनी आधी चाकं काढायला लावली. म्हणाले, ‘भाऊ, आधी आहे ते चालू करू, मग वाढवायचं बघू.’

पुढचं डावं चाक निघालं. बाहेरून पॅड चांगला जाड दिसत होता. उस्तादांनी कॅलिपर सोडवला आणि आतला पॅड माझ्या हातात दिला. एका टोकाला चार मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला जेमतेम दीड. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांतली खालची पिन जाम होती. रबरी बूट फाटलेला, आत ग्रीसऐवजी करडा चिखल. या शहराची धूळ ज्याने पाहिली आहे त्याला तो चिखल ओळखीचा वाटेल: रस्त्याची माती, पावसाचं पाणी, आणि बहुधा यंत्रमागांवरून उडणारा कापसाचा तूसही. पिन सरकत नसली की एकच पॅड डिस्कवर घासत राहतो, दुसरा नुसता शेजारी असतो. स्टिअरिंग ओढण्याचं कारण हातात होतं. या स्थितीत चार पिस्टनचे कॅलिपर आणून बसवले असते तर गाडी नक्कीच सुधारली असती, पण ती कशामुळे सुधारली हे मला कधीच कळलं नसतं.

मागे आणखी एक गोष्ट निघाली. या गाडीचा हँडब्रेक मागच्या कॅलिपरवरच काम करतो, आणि त्याचा लिव्हर वयाबरोबर अडकायला लागतो. चौथ्या पिढीची गोल्फ, पहिली ऑडी टीटी आणि ही ऑक्टाव्हिया एकाच साच्यावरच्या, त्यामुळे हे दुखणंही त्यांच्या कुटुंबातलं. मागचा पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत बसवावा लागतो. घाईतला एखादा मिस्त्री तो पान्याने दाबतो आणि कॅलिपर कायमचा खराब करतो. उस्तादांकडे त्याचं हत्यार होतं. हे हत्यार आहे का, एवढं विचारून घ्यावं आणि मगच गाडी कुणाच्या हवाली करावी, असं माझं मत आहे.

मग निवडीचा प्रश्न आला. माझ्या गाडीच्या पुढच्या डिस्क २८८ मिलिमीटरच्या. टीटीवर ३१२च्या येतात. कॅलिपर तोच राहतो, फक्त तो धरणारा कॅरिअर आणि डिस्क बदलते, चाक मात्र किमान सोळा इंची लागतं. हा बदल जगभर लोक करतात आणि तो शहाणपणाचा आहे, कारण सगळे भाग त्याच घराण्यातले. पॅड केंद्रापासून बारा मिलिमीटर लांब जातो, म्हणजे तेवढ्याच दाबात पुढच्या चाकांना साधारण दहा टक्के जास्त जोर मिळतो. डिस्कचं वजनही वाढतं, त्यामुळे ती जास्त उष्णता पोटात घेते.

पण गाडी शेवटी टायरवर थांबते. एबीएस थरथरायला लागला म्हणजे ब्रेककडे जोर पुरेसा आहे आणि टायरची पकड संपली. त्यानंतर डिस्क कितीही मोठी केली तरी पहिल्या थांब्याचं अंतर कमी होत नाही. मोठी डिस्क कामाला येते ती लागोपाठच्या आठव्या-नवव्या थांब्याला. कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर गाडी पळवायची असती तर मी डोळे झाकून ३१२ घेतल्या असत्या. माझी वाट आमणे, मानकोली, अंजूरफाटा. तिथे पहिलाच थांबा महत्त्वाचा, आणि तोही अनेकदा भर पावसात, थंड पॅडवर.

म्हणूनच शर्यतीचे पॅडही मी नाकारले. ते तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि कल्याण नाक्यावर रिक्षा आडवी आली की तापायला वेळ कुणाला आहे? भोकांच्या डिस्कचंही तेच. भोकांच्या कडेने तडे जातात, आणि रस्त्याच्या गाडीला त्यांचा म्हणण्यासारखा फायदा नाही. साध्या, हवा खेळती राहणाऱ्या २८८च्याच नव्या डिस्क, मूळ पॅडपेक्षा एक पायरी वरचे रस्त्यासाठीचे पॅड, नवे होज आणि नवं ब्रेक ऑईल असं ठरलं. मागचा उजवा कॅलिपर अख्खा बदलला.

ऑईलकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि माझ्या मते सर्वांत जास्त धोका तिथेच आहे. डॉट ४ ऑईलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. तेच ऑईल हवेतलं पाणी शोषतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरलं की हा आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. खाडीकाठच्या आमच्या दमट हवेत ते मुरणारच. लांब उतारावर कॅलिपर तापला की आत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. दर दोन वर्षांनी ऑईल बदलणं ही या गाडीवरची सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. माझ्या गाडीतून निघालेलं ऑईल काळ्या चहासारखं होतं.

सामान शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊस दोन्ही पालथे घातले. एका दुकानात नामांकित कंपनीच्या खोक्यात पॅड मिळाले, पण मागच्या पत्र्यावर बॅच क्रमांक नव्हता आणि रंग नखाने निघत होता. ते तिथेच परत केले. जुन्या बाजारातून मी दरवाजाचं हँडल घेईन, आरसा घेईन. पॅड, होज आणि डिस्क घेणार नाही.

कायद्याचाही विचार केला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणीसाठी गाडी आरटीओसमोर उभी करायची असते. मूळ मापाचे भाग असले की तिथे आणि विम्याच्या वेळी बोलायला जागा उरत नाही.

ब्रेकमधली हवा काढताना पेडलवर मी बसलो, खाली उस्ताद. ‘मारा, मारा, धरून ठेवा.’ पारदर्शक नळीतून आधी काळं, मग बुडबुडे, मग मधाच्या रंगाचं ऑईल आलं. पहाटे पडघ्याच्या बाजूला रस्ता मोकळा असताना साठवरून पंधरापर्यंत वेग उतरवायचा, पूर्ण न थांबता पुन्हा वाढवायचा, असं बरेचदा करून पॅड बसवले. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी गार केली. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर पॅडचा थर तिथे एकाच जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं.

३१२ डिस्कसाठी बाजूला ठेवलेले पैसे चार नव्या टायरांत गेले. लाल कॅलिपर नाहीत, त्याची हळहळ आहेच. पण त्यानंतरच्या नाशिक फेरीत परतताना गाडी पूर्ण भरलेली होती, बोगदा संपल्यावर जोराचा पाऊस लागला, आणि पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला. पेडल वरच्या वर घट्ट लागलं आणि गाडी आपल्या रेषेत थांबली. आता मागचा डावा कॅलिपर तेवढा राहिला आहे. त्याचा लिव्हर अजून जरा उशिरा परततो. उस्तादांनी दिवाळीच्या आधीची तारीख दिली आहे.