बसवकल्याणची लांबी

मंठाळ या आमच्या गावाच्या नावात अक्षरं किती, असं गावातल्या कुणालाही विचारा, उत्तर तीन. संगणकाला विचारलं तर ते प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहिलाय त्यावर ठरतं. पायथन ५ सांगतो: म, अनुस्वार, ठ, काना, ळ. जावास्क्रिप्टही ५. पीएचपीचं साधं मोजमाप १५ म्हणतं, स्विफ्ट ३. यातलं एकही उत्तर खोटं नाही. कुणी चिन्हं मोजतो, कुणी ती साठवायला लागणारे बाइट, कुणी डोळ्यांना दिसणारी अक्षरं.

सीमाभागात फॉर्म आणि पावत्यांची सॉफ्टवेअरं लिहिताना हा फरक रोज समोर येतो, कारण इथे एकच नाव मराठीत आणि कन्नडात शेजारी शेजारी छापावं लागतं. आमचा तालुका बसवकल्याण. देवनागरीत त्याची ९ चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. जागा २० बाइटांची आखलेली असेल आणि प्रोग्रॅम डोळे मिटून कापणारा असेल, तर हाती काय उरतं? ‘बसवकल्’ एवढे १८ बाइट, आणि पुढच्या ‘य’चे तीनातले दोन. त्या दोन बाइटांचं काही वाचता येत नाही, म्हणून पडद्यावर काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह उमटतं. अशा पावत्या मी पाहिल्या आहेत आणि त्या पाहून मला दर वेळी राग येतो. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही पद्धत आखताना असं होऊ नये म्हणून सोय ठेवली होती. तीन बाइटांच्या चिन्हाच्या पहिल्या बाइटच्या तोंडाशी लागोपाठ तीन ‘१’ असतात, मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाशी ‘१०’. कापणाऱ्याने दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, तरी चिन्ह कुठे सुरू होतं ते कळतं.

पण चिन्ह शाबूत राहिलं म्हणजे अक्षर शाबूत राहिलं असं नव्हे. ‘बसवकल्’ हे १८ बाइटांवर अगदी नीट कापलेलं आहे, तरी ते कुठल्या गावाचं नाव नाही. शाळेत वृत्त शिकताना आपण ‘ल्या’ हे एकच अक्षर धरतो आणि आधीच्या ‘क’ला गुरू करतो. त्या हिशेबाने बसवकल्याणची अक्षरं ६. युनिकोडचा अक्षरं वेगळी करण्याचा नियम मात्र बरीच वर्षं ‘ल्’ आणि ‘या’ यांच्यामध्ये फट धरत होता, म्हणजे ७. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीने देवनागरीतलं जोडाक्षर अखंड मानलं. शाळेच्या फळ्यावरचं उत्तर संगणकाला तेव्हा मान्य झालं.

त्याच आवृत्तीत बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू, मलयाळम यांनाही ही सवलत मिळाली. कन्नड त्या यादीत नव्हती. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी ‘इस्की’ या आपल्याकडच्या जुन्या मानकावरून घेतली, त्यामुळे देवनागरी आणि कन्नड यांचे तक्ते जवळपास ओळीस ओळ जुळतात. मंठाळ किंवा बसवकल्याण मराठीत लिहा, प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकात ८९६ मिळवा, तेच नाव कन्नडात तयार. चिन्हं तेवढीच, बाइट तेवढेच, उच्चार तोच. तरी त्या नियमाने मराठी बसवकल्याण ६ अक्षरांचं आणि कन्नड बसवकल्याण ७ अक्षरांचं. कन्नडात ‘य’ हा ‘ल’ला ओत्तक्षर म्हणून जोडून येतो. त्या फटीत कापलं तर ओत्तक्षर नाहीसं होतं आणि पाय मोडलेला ‘ल’ उघडा पडतो. वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं.

म्हणून कन्नडासाठी मी नियम हाताने लिहितो: व्यंजन, त्याचा पाय मोडलेला, लगेच पुढे व्यंजन, तर मधे कापायचं नाही. डेटाबेसमध्ये जागा सढळ ठेवतो. ओरॅकलमध्ये स्पष्ट न सांगितल्यास आकडा सहसा बाइटांचा धरला जातो, मायएसक्यूएलमध्ये चिन्हांचा; हे कागदावर आधी लिहून घ्यावं. एसएमएसचा हिशेब आणखी निराळा: इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, देवनागरी आली की एका संदेशात ७० चिन्हं, काने-वेलांट्या धरून. आणि छापील पावतीवर ‘ळ’ किती रुंद, हे कुठलीच मोजणी सांगत नाही. तिथे फॉन्टलाच विचारावं लागतं.

मराठीचा स्वतःचा पेच ‘ऱ्य’चा. ‘दऱ्या’ हा शब्द एका कीबोर्डवरून ५ चिन्हांचा येतो, दुसऱ्यावरून ६ चिन्हांचा, कारण तिथे ‘र्’पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह बसतं. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधायला गेलं तर एक सापडतो, दुसरा नाही. युनिकोडचं प्रमाणीकरण हे जोडचिन्ह काढत नाही. लांबी मोजण्याआधी दोन्ही रूपं एक करून घेणं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचंच काम.

कन्नडात याच्या उलट, जोड तोडणारं अदृश्य चिन्हही नावांत सर्रास असतं. राजकुमार कन्नडात लिहिताना ‘ज’चा पाय मोडतात आणि ‘क’ त्याला ओत्तक्षर होऊन चिकटू नये म्हणून मधे हे चिन्ह घालतात. शेवटच्या ‘र’चाही पाय मोडतात. मराठीत या नावाची ८ चिन्हं, कन्नडात ११. माझ्या नियमाने ते तोडचिन्ह मानलं नाही, तर कन्नड राजकुमार ४ अक्षरांचा होतो. मानलं, तर दोन्हीकडे ५.