आई काय करते?

मुलांनो, ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहिला नाही असा तुमच्यात कुणी असेल असं मला वाटत नाही. मीही लिहिला होता, पाचवीत. ‘माझी आई पहाटे उठते, ती मला फार आवडते’ वगैरे वगैरे. दहापैकी सहा मार्क पडले. पण दुसऱ्याच वर्षी तो विषय मला पुन्हा लिहावा लागला. या वेळी शाळेसाठी नाही, वकिलांसाठी! ती गोष्ट आज तुम्हाला सांगते.

साल १९९९. नोव्हेंबर महिना. मी सहावीत होते. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव मोठ्या रस्त्याला अगदी चिकटून आहे. आई रोज पहाटे म्हशीची धार काढून दुधाची किटली घेऊन डेअरीवर चालत जायची. फुटपाथ आम्ही फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. आमच्याकडे डांबर संपलं की खडी आणि खडी संपली की बाभळीचे काटे. आई कडेच्या खडीवरूनच चालत होती. मागून भाजीचा टेम्पो आला. त्यानं समोरच्या ट्रकला चुकवायला गाडी कडेला घेतली आणि आईला उडवलं. किटली कुठल्या कुठे गेली. टेम्पो क्षणभर थांबला आणि निघून गेला.

आमच्या गावची पोरं मिलिटरीच्या भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळायला जातात. त्यातल्या एकानं हे पाहिलं. तो आईकडे धावला, पण धावता धावता टेम्पोचा नंबर मोठ्यानं म्हणत राहिला. पाठ व्हावा म्हणून! जीप थांबवून आईला साताऱ्याला नेईपर्यंत तो नंबर म्हणतच होता म्हणे. त्या नंबरावरूनच पुढं सगळं झालं.

आईचं उजवं मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई घातली. चौथ्या दिवशी टेम्पोचे मालक दवाखान्यात आले. शेजारच्या गावचेच, ओळखीतले. सोबत आमच्या गावची दोन वडीलधारी माणसं. त्यांनी दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातावर चार हजार रुपये ठेवले.

“मिटवून टाकू. पोलीस-कोर्ट कशाला? वहिनी अंधारात रस्त्यानं चालल्या होत्या, त्याला ड्रायव्हर तरी काय करणार?”

सोबत स्टॅम्पपेपर होता. ‘आमची काही तक्रार नाही’ असं त्यावर लिहिलेलं. दादा गवंडीकाम करायचे. चार हजार म्हणजे त्यांच्या जवळजवळ दोन महिन्यांची मजुरी. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नव्हेच ती, खाटेवर पडलेली आई काय म्हणाली? “माझंच चुकलं. मी अजून कडेला व्हायला पायजे हुतं.”

अजून कडेला म्हणजे कुठं? बाभळीत?

दादा सही करणार, एवढ्यात मामा आला. मामा पोस्टात होता, त्याला कागद वाचायची सवय. त्यानं तो स्टॅम्पपेपर दोनदा वाचला, घडी घातली आणि मालकांना परत दिला. “पैसे ठेवा तुमच्याकडंच. गाडीचा विमा असंल की.”

विमा हा शब्द इथं मला पहिल्यांदा भेटला. आपल्या देशात रस्त्यावर गाडी आणायची तर ‘थर्ड पार्टी’ विमा कायद्यानं सक्तीचा आहे. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. पहिला गाडीचा मालक, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा कोण? तर त्या गाडीशी ज्याचा काही संबंध नाही, पण ज्याला ती गाडी धडकली तो. म्हणजे रस्त्यानं चालणारे तुम्ही-आम्ही. मालक दरवर्षी विम्याचा हप्ता भरतो तो आपल्यासाठीसुद्धा भरतो. आपल्याला इजा झाली आणि चूक गाडीवाल्याची असली, तर भरपाई विमा कंपनीनं द्यायची. विमा नसेल तर मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. हे कळल्यावर दादांच्या जिवावरचं ओझं उतरलं. ओळखीतल्या माणसाला शेत विकायला लावायचं का, हीच त्यांना धास्ती होती.

अशा दाव्यांसाठी वेगळं न्यायालय असतं. त्याचं नाव जरा लांबलचक आहे : मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात त्याची व्यवस्था आहे. ते जिल्ह्याच्या कोर्टातच बसतं. साताऱ्याच्या एका वकिलांकडे मामा आम्हाला घेऊन गेला. पोलिसांतली फिर्याद, पंचनामा, दवाखान्याचे कागद, औषधांच्या पावत्या, सगळं त्यांनी नीट लावून घेतलं. मग पेन उघडून विचारलं, “बाई काय करतात?”

“काही नाही,” दादा म्हणाले. “घरीच असते.”

वकिलांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “असं कोर्टात सांगू नका. भरपाई मोजताना कोर्ट विचारतं की हे माणूस अपघाताआधी काय करत होतं आणि आता काय करू शकत नाही. काहीच करत नसेल तर नुकसान कसलं?”

“दुधाचे पैसे येतात की,” मामा म्हणाला. पण डेअरीचं पासबुक दादांच्या नावावर! म्हैस आईची, धार आई काढणार, किटली आई वाहणार आणि नाव दादांचं. कागदावर माझी आई खरंच काही करत नव्हती.

तेवढ्यात वकिलांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी तिथं का होते? कारण मी शाळेत नव्हते. आई पडल्यापासून माझी शाळा बंदच होती. “मग आता घरातलं कोण करतं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मी.” “काय काय करतेस? लिहून आण.”

त्या रात्री चिमणीशेजारी (वीज गेली होती, ती नेहमीच जायची) मी यादी करायला बसले. हापशाचं पाणी, सात खेपा. शेण काढणे. धार : ही मला जमायची नाही, म्हैस लाथ मारायची, म्हणून शेजारच्या काकूंना रोज एक लिटर दूध देऊन काढून घ्यायचो. भाकऱ्या. दादांचा डबा. धाकट्या भावाला आंघोळ घालून शाळेत पाठवणे. धुणं. वैरण आणणे. दळण. आजीचे पाय चेपणे. शेणी थापणे. पान संपलं, मी दुसरं पान घेतलं. मुलांनो, पाचवीतल्या निबंधात मी यातलं काहीसुद्धा लिहिलं नव्हतं. तेव्हा मला ते दिसतच नव्हतं ना! स्वतः केल्यावर दिसलं.

ती यादी काही कोर्टात दाखल झाली नाही. पण वकिलांनी ती समोर ठेवून आईला साक्षीत एकेक प्रश्न विचारला. आई कुबडी घेऊन उभी होती. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, “या कामांचा तुम्हाला पगार मिळत होता का?” आई म्हणाली, “न्हाई. पण मी पडल्यावर पोरीची शाळा बुडाली.” न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मी मागच्या बाकावर बसले होते. मला एकदम रडू आलं, का ते तेव्हा कळलं नाही.

निकाल २००२ साली लागला. आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००१ सालचा एक निकाल दाखवला होता. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका समारंभात मोठी आग लागली होती, त्यात गेलेल्या गृहिणींच्या कामाची किंमत त्या निकालात महिना तीन हजार रुपये धरली होती. आमच्या कोर्टानं दोन हजार धरली. आता गणित मांडा. महिना दोन हजार म्हणजे वर्षाचे २४ हजार. डॉक्टरांनी कायमचं अपंगत्व २० टक्के लिहिलं होतं, म्हणजे वर्षाचं नुकसान ४,८०० रुपये. आईचं वय तेव्हा ३३. त्या वयाला कायद्याच्या तक्त्यातला गुणक १७. गुणाकार झाला ८१,६००. दवाखाना, औषधं, सोसलेल्या वेदना यांचे ३० हजार वेगळे. एकूण १,११,६०० आणि वर व्याज. टेम्पोच्या मालकांना एक पैसाही पडला नाही. आजही ते बाजारात भेटले की आईची चौकशी करतात.

हे पैसे मेहेरबानी म्हणून मिळाले नव्हते. पण आईला हे पटायला वेळ लागला. “दुसऱ्याचा पैसा कशाला,” असं ती बरेच दिवस म्हणायची. सर्वोच्च न्यायालयानं तर १९८७ मध्येच गुजरातच्या एका खटल्यात म्हटलं होतं की, स्वतःची चूक नसताना पायी चालणाऱ्याला गाडीनं इजा केली तर, चालकाचा निष्काळजीपणा असो वा नसो, त्याला भरपाई मिळायला हवी, सामाजिक न्याय या शब्दाला काही अर्थ असेल तर. बाईमाणसाच्या कामाबद्दलही कोर्ट पुढं खूप बोललं. २०२१ च्या एका निकालात सरकारी पाहणीचा आकडा आहे : पगाराशिवायच्या घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. आपल्या घरी घड्याळ लावून बघा एकदा.

आता हे सगळं तुम्हाला का सांगते? तर २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. आणि त्यांच्या घरच्यांपैकी कितीजणांनी चार हजारांवर सही केली असेल, कोण जाणे.

तेव्हापासून कायदा बराच बदललाय. १ एप्रिल २०२२ पासून चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. टेम्पो पळून गेला आणि सापडलाच नाही, तरी हात हलवत बसायचं नाही. अशा वेळी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात, त्याचा अर्ज तहसीलदार किंवा प्रांताकडे द्यायचा. २०२५ पासून नेमून दिलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार आधी पैसे न भरता होतात. आणि हो, दावा आपण राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. अपघात झाला तिथंच खेटे घालायला नकोत. मात्र कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा लवकर जावं. लहान मुलाला लागलं असेल तर पालक त्याच्या वतीनं दावा लावतात. अशी रक्कम कोर्ट बहुधा मुलाच्या नावानं बँकेत ठेवायला सांगतं, अठरा वर्षांचं होईपर्यंत.

मदत करायला लोक घाबरतात, पोलीस मागं लागतील म्हणून. तीही भीती आता नको. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणि मग २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यानंच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायचंही बंधन नाही. ११२ नंबरला फोन करा आणि जखमी माणसाजवळ थांबा.

माझी शाळाही रस्त्यालाच लागून आहे. चौथीच्या वर्गाचा एक खेळ आम्ही सुरू केलाय. मधल्या सुट्टीत कुंपणाच्या आतून गाड्यांचे नंबर वाचायचे, डोळे मिटून म्हणायचे आणि मग वहीत लिहायचे. एमएच ११ म्हटलं की सातारा, हे आता सगळ्यांना पाठ. मागच्या सोमवारी एका चिमुरडीनं वहीत एक नंबर अर्धाच लिहिला. “पुढचं का नाही लिहिलं गं?” मी विचारलं. ती म्हणाली, “बाई, ती गाडी मोठ्या गुरुजींची आहे. शेवटचे दोन आकडे चिखलात आहेत.”

गुरुजी व्हरांड्यातच उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि गाडीकडे गेले.