कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग गोळी कशाला?

सध्या पोस्टिंग जोधपूरला. वार्षिक मेडिकल जवळ आलं की आमच्या एमआय रूमबाहेरच्या बाकावर एरवी न दिसणारे चेहरे दिसू लागतात. बहुतेक चाळिशी ओलांडलेले. आठवडाभर लोणचं-पापड बंद, पहाटे दोन फेऱ्या जादा. धास्ती एकच : कॅटेगरी खाली आली तर प्रमोशनचं काय?

परवा आपल्या साताऱ्याकडचे एक सुभेदार साहेब रिपोर्ट घेऊन शेजारी टेकले. दीड वर्षात पेन्शन. बी.पी. जुनं, पण गोळीने काबूत. वडील हार्ट अटॅकने गेलेले, तंबाखूची पुडी अजून खिशात. कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत, तरी डॉक्टरसाहेबांनी ॲटोरव्हास्टॅटिन लिहिलेली.

"सगळं नॉर्मल आहे, मग ही कशाला रे?"

"साहेब, पेट्रोलला निघताना आपण नुसती हवा बघतो का? वाट, अंधार, पाठीवरचं वजन, सगळं बघतो. तसंच हे."

वाढलेल्या दाबाने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं आणि तिथेच एलडीएल शिरून साचतं. म्हणून बी.पी.वाल्याने कोलेस्टेरॉलचा आकडा एकटा वाचू नये. वय, तंबाखू, साखर, घरातला इतिहास एकत्र धरूनच डॉक्टर धोका ठरवतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ॲस्कॉट' अभ्यासात ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर युरोपातले १०,३०५ जण होते. सगळ्यांना बी.पी. आणि शिवाय किमान तीन धोके; कोलेस्टेरॉल मात्र फार वाढलेलं नव्हतं. निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिन दिली, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. औषधवाल्यांत हार्ट अटॅक आणि त्यामुळे येणारे मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी भरले. अभ्यासाचा तो भाग वेळेआधीच थांबवला.

साहेबांनी गोळ्यांची पट्टी खिशात टाकली. पुडी काही टाकली नाही. तीही सुटायला हवी. गोळी तिची भरपाई करत नाही.

निवृत्त मंडळींना एक सांगणं. नोकरीत मेडिकलला हुकमाने जावं लागतं. गावी कुणी फॉल-इन करत नाही. छातीत काही दुखत नाही म्हणून गोळी सुटते. रिपोर्ट चांगला आला तरी सुटते, आणि तो चांगला आलेला असतो गोळीमुळेच. अंग फार दुखू लागलं तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. ईसीएचएसच्या रांगेत कंटाळा येतो, मान्य. पण महिन्याची औषधं संपण्याआधी त्या रांगेत उभे राहा.