जात्याचा आलेख

दिवाळीच्या सुट्टीत वडिवळ्याला गेले ती एक निश्चय करूनच. आजीच्या ओव्या यंदा स्वरलिपीत उतरवायच्या! आजीने ऐंशी ओलांडली आहे. घाई मला होती, तिला नव्हती. पीठ आता गिरणीतून येतं, पण माझ्या हट्टापायी ती जात्याशी बसली. समोरून मीही खुंटा धरला.

भातखंड्यांची स्वरलिपी मला येते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, समेला फुली, खालीला शून्य. पण आजीची ओवी काही फुलीपाशी थांबेना. जातं जड झालं की स्वर लांबे, मूठभर दाणे टाकताना मध्येच तुटे. तरी आठ ओव्या लिहिल्या, त्यांना आकडे घातले. दुसऱ्या दिवशी पडताळू लागले, तर क्रम भलताच!

"आजी, काल भावानंतर माहेराची होती."

"कालचं काल, बाई. आज लेक आठवला."

कॉलेजात परतल्यावर आमच्या सरांपाशी हे रडगाणं गायले. ते म्हणाले, "क्रम ठरलेला नसणं हीच तिची रचना असेल तर?" मग त्यांनी कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन या जर्मन संगीतकाराच्या १९५६ सालच्या पियानोरचनेबद्दल सांगितलं. एका मोठ्या कागदावर १९ तुकडे विखरून छापलेले. नजर पडेल तो वाजवायचा. पुढचा तुकडा कोणत्या गतीने, किती जोराने वाजवायचा, ते आधीच्या तुकड्याच्या शेवटी लिहिलेलं. एखादा तुकडा तिसऱ्यांदा समोर आला की रचना संपली. अमेरिकेत मॉर्टन फेल्डमनने तर १९५० साली आलेखाच्या कागदावर चौकटी काढून चेलोसाठी संगीत लिहिलं होतं. स्वर वरचा, मधला की खालचा, एवढंच त्यात सांगितलेलं. नेमका स्वर वादकाने निवडायचा.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मावळ-मुळशीपासून गावोगावच्या बायकांच्या लाखावर ओव्या जमवल्या, हेही सरांकडूनच कळलं. शब्द असे जपता येतात. पण एका ओवीवरून दुसरीवर जाण्याची आजीची वाट कुठे लिहायची?

उन्हाळ्यात पुन्हा कामशेतला उतरले, तेव्हा पिशवीत आलेखाचे कागद होते. प्रत्येक ओवीला एक वर्तुळ, आणि आजी जिथून जिथे जाई तिथे बाणाची रेघ. आठ दिवसांत कागद कोळ्याच्या जाळ्यासारखा भरला. भावापासून पाच वाटा, विठ्ठलापासून सात. एका वर्तुळाकडे मात्र बाण येत होते, तिथून निघत एकही नव्हता. मला वाटलं, माझंच टिपायचं राहिलं.

आजीला अक्षर येत नाही. मी तिचं बोट त्या वर्तुळावर ठेवलं. "ही थोरल्या आत्याची ओवी. हिच्यानंतर कोणती गं?"

थोरली आत्या लहानपणीच गेली. मी तिला पाहिलेलं नाही.

आजी बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हिच्या म्होरं काय नसतं. ही आली की मी दळण उरकते."

मी पेन्सिल खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने आपणहून हाक मारली. मी कागद घेतले नाहीत. समोर बसून नुसता खुंटा धरला.