चार दिवे आणि अकरा वॉट-अवर

आमच्या घरी पॉवर बँक हा जरा नाजूक विषय आहे. 2019च्या जुलैत, ज्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली (हजारेक प्रवासी होते आत!), त्याच रात्री बाबांची लोकल अंबरनाथच्या पुढे सरकली नाही. फोन बंद. आई रात्रभर आमच्या बेलवलीच्या घरात खिडकीशी बसून. बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिखलाने माखलेले उगवले आणि पुढच्या आठवड्यात घरात पॉवर बँक आली. 10000 एमएएच. तेव्हापासून ती त्यांच्या डब्याच्या पिशवीत असते.

यंदा पावसाआधी मी म्हटलं, "बाबा, ही जुनी झाली."

"अरे, चारही दिवे लागतायत ना? मग भरलेली आहे!"

आता यांना काय सांगणार? स्वस्त पॉवर बँकेतले दिवे बहुतेकदा नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज बांधतात. सेल म्हातारा झाला तरी पूर्ण चार्ज केल्यावर व्होल्टेज तेवढंच दिसतं. टाकी भरलेली, पण टाकीच लहान झालेली. पण बाबांपुढे आकडा ठेवल्याशिवाय बोलून उपयोग नाही, म्हणून यूएसबी मीटर घ्यायचं ठरवलं.

पहिला मीटर ऑनलाइन मागवला, सगळ्यात स्वस्त. पॉवर बँकेला मीटर, मीटरला यूएसबीचा दिवा लावून झोपलो. सकाळी पॉवर बँक रिकामी, मीटरही विझलेला (तोही त्याच विजेवर जगतो ना). दुसऱ्या चार्जरला लावून बघतो तर आकडा शून्य! च्यायला, मेमरीच नव्हती.

मग शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. दुकानदार रंगीत स्क्रीन आणि ब्लूटूथ दाखवत होता. मला मेमरी हवी होती आणि वॉट-अवर. नुसते एमएएच दाखवणारा मीटर फसवतो. पॉवर बँकेवरचे 10000 हे आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टचे, म्हणजे 37 वॉट-अवर. बाहेर पडताना 5 व्होल्ट होतात, वर थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे नव्याकोऱ्या पॉवर बँकेतही मीटरवर 6000च्या आसपासच दिसणार. उगाच दुकानदाराशी भांडण! शिवाय दोन्ही बाजूंना टाइप-सी हवं. फास्ट चार्जिंगमध्ये चार्जर आणि फोन आधी आपसात किती व्होल्ट ते ठरवतात. ते बोलणं मीटरमधून पलीकडे गेलंच नाही तर फोन मुकाट 5 व्होल्टवर चार्ज होतो आणि आपण चार्जरला शिव्या घालतो.

असो. आकडा आला 11.2 वॉट-अवर. बाबांच्या फोनच्या बॅटरीलाच 19 लागतात, म्हणजे फोन जेमतेम अर्धा भरणार.

बाबांनी मीटर हातात घेऊन दोनदा पाहिला. "म्हणजे मी गेले किती पावसाळे हीच घेऊन फिरतोय?"

मी काहीच बोललो नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आजच्या आज नवी आणा."

नवी आणली, मोजली, 29.6 भरली. बाबांनी तिच्यावर डॉक्टरी पट्टी चिकटवून पेनाने आकडा आणि तारीख लिहिली. जुनी फुगलेली नाही, हे नीट बघून घेतलंय. ती आता देवघराशेजारी असते, लाइट गेली की त्या यूएसबीच्या दिव्यासाठी. साडेचार तास. मोजलेले.