दिवे मंद, पण सेल्फ जोरात

गाडी पुरती बंद पडली तर बिघाड सापडतो. जिवाला घोर लावतो तो येऊन-जाऊन असणारा बिघाड. वडिलांची 1997 सालची छोटी गाडी आमच्याकडे रत्नागिरीत अजून वापरात आहे. कार्ब्युरेटरचं इंजिन, मोजकं वायरिंग, कॉम्प्युटरचं नावही नाही. गेल्या पावसाळ्यात तिचे हेडलाइट रात्री एकाएकी पिवळे पडू लागले. त्याच क्षणी वायपर काचेवर रेंगाळायचे, हॉर्न घोगरा वाजायचा. एखाद्या खड्ड्यात चाक आदळलं की सगळं पुन्हा लख्ख. कुंभार्ली घाटात धुकं, पाऊस आणि समोरून उतरणारे ट्रक असताना दिवे असे मालवत गेले, तेव्हा हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही हे कळून चुकलं.

गॅरेजच्या दारात मात्र सारं सुरळीत असायचं. एका ठिकाणी नवी बॅटरी बसवून दिली, दुसरीकडे अल्टरनेटरचे कार्बन बदलले, मग हेडलाइटचा स्विच बदलला. पैसे गेले, बिघाड तसाच राहिला. शेवटी मी गाडीत एक वही ठेवली. दिवे मंद झाले की त्या वेळी आणखी काय काय मंदावलं आणि काय शाबूत राहिलं, पाऊस होता का, रस्ता कसा होता, एवढंच त्यात लिहायचं.

वहीतून चित्र स्पष्ट होत गेलं. दिवे, वायपर, हॉर्न, ब्लोअर सगळे एकदमच मंदावत. इंजिन मात्र एकदाही अडखळलं नव्हतं आणि सेल्फ कायम जोरात फिरत होता. सेल्फ छोट्या गाडीतही 100 अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त करंट ओढतो. तो नीट फिरतो म्हणजे बॅटरी आणि तिच्या जाड केबली ठणठणीत आहेत. इग्निशनला मिळणारा करंटही नीट आहे, नाहीतर इंजिनाने तक्रार केली असती. मग हे चौघेच का अडतात?

उत्तर करंटच्या परतीच्या वाटेत होतं. आमच्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड केबल थेट गिअरबॉक्सवर जाते आणि दुसरी बारीक वायर बॉडीवर. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा सरळ विजेचा संबंध नसतो. सेल्फचा करंट जाड केबलीतून परततो. दिवे, वायपर, हॉर्न यांचा बॉडीतून, त्या बारीक वायरीवाटे. म्हणजे संशय बॉडीच्या अर्थिंगवर.

आमच्या ओळखीचे एक जुने वायरिंगवाले काका आहेत. त्यांना वही दाखवली. ती वाचून ते म्हणाले, "वायर काढून बघू नकोस. ती काम करत असताना बघ." त्यांनी इंजिन चालू ठेवून हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर लावायला सांगितलं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर टेकवली, लाल पिन बॉडीच्या रंग खरवडलेल्या पत्र्यावर. दोन्ही टोकं अर्थच आहेत. इतक्या लोडवर मीटरने 0.2 व्होल्टच्या आतच राहायला हवं. आकडा तेवढाच होता. मग काकांनी बॅटरीच्या ट्रेखालची ती वायर बोटांनी हळूच वाकवली आणि मीटर 3 व्होल्टच्या पुढे गेला. समोरच्या भिंतीवरचा उजेड पिवळा पडला.

हिशेब सरळ आहे. 60 वॅटचे दोन हेडलाइट 12 व्होल्टवर मिळून 10 अँपिअर घेतात. वायपर, ब्लोअर धरून 20 अँपिअर समजा. वाटेत फक्त 0.15 ओहमचा अडथळा आला, तरी 3 व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि दिव्यापर्यंत पोचतात कमी.

वायर काढली. वरून काळं प्लास्टिक कोरं करकरीत. लगजवळ चिमटीत दाबलं तर आत काहीतरी करकरलं. ब्लेडने प्लास्टिक उभं चिरलं, तर तांब्याच्या जागी हिरवी भुकटी होती आणि तिच्यात जेमतेम दोन-तीन तारा चमकत होत्या. बॅटरीचं ॲसिड, पावसाचं पाणी आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांनी आतल्या आत ती खाल्ली होती. काकांनी तीच वायर मीटरला लावली, तर मीटरने बीप दिला! मीटर अशा वेळी अगदी किरकोळ करंट सोडतो आणि त्याला दोन तारा पुरतात. 20 अँपिअरला त्या पुरत नाहीत. याआधी वायर तपासली जाऊनही ती 'चांगली' का ठरली, याचा उलगडा तिथे झाला. राहिलेला करंट क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलींमधून, मिळेल तशी वाट काढत असणार; म्हणून खड्डा आला की कधी बिघडायचं, कधी सुधारायचं.

जाड तांब्याची नवी वायर कापली, दोन्ही टोकांना लग दाबून बसवले, बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. सगळा लोड टाकून मीटर लावला तेव्हा आकडा 0.06 होता. बाकीचा पावसाळा दिवे एकदाही मंदावले नाहीत.

जुनी गाडी जिवापाड जपणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: अधूनमधून होणारा बिघाड लहरी नसतो, ओल, उष्णता किंवा हादरा यांपैकी काहीतरी त्याला जागं करतं. काय काय एकत्र बिघडतं आणि काय शाबूत राहतं, ते आधी लिहून काढा. आणि नवी बॅटरी घेण्यापूर्वी वायरिंगवाल्याला दिवे लावून, लोडवर, अर्थिंगचा व्होल्टेज ड्रॉप मोजायला सांगा. काम पाच-दहा मिनिटांचं आहे.